माडीवर नेट सारखं तुटतं: वायफाय, विजेच्या तारेतून नेट की सरळ लॅन केबल?

आमचं घर रत्नागिरी तालुक्यात, जांभ्या चिऱ्याचं. ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागची पडवी, आणि नंतर चढवलेली माडी. फायबरची केबल रस्त्याच्या खांबावरून ओटीवर येते आणि नेटवाल्यांनी राउटरही तिथेच, दाराच्या वरच्या फळीवर बसवून दिला. मी काम करते ते माडीवरच्या मागच्या खोलीत. हिशेबाचं काम, दिवसभर दुसऱ्याच्या सर्व्हरवर लॉगिन राहावं लागतं, आणि दिवसातून दोन-तीन व्हिडिओ कॉल.

तक्रार अशी होती. कॉल चालू असताना समोरचा माणूस मध्येच थिजायचा, आवाज डब्यातून आल्यासारखा व्हायचा, दहा-वीस सेकंदांनी सगळं सुरळीत. राउटर बंद करून चालू केला की दोन दिवस बरे जायचे. मग पुन्हा तेच. पावसाळ्यात जास्त, आणि गणपतीत घर भरलं की तर विचारूच नका. तीन वेळा तक्रार नोंदवली, तिन्ही वेळा मुलगा आला, एकदा राउटरही बदलून दिला. दर वेळी तो ओटीवर उभा राहून मोबाइल दाखवायचा, "वहिनी, पूर्ण शंभर येतंय की!" ते खरंच होतं. ओटीवर शंभर मेगाबिट यायचेच. मला माडीवर तीन यायचे.

हे सोडवायला मला दीड वर्ष लागलं, आणि त्यातला बराचसा वेळ मी चुकीची जागा दुरुस्त करत होते. म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे. अशा घरात राहणाऱ्या, घरून काम करणाऱ्या कुणाचे तरी महिने वाचावेत.

आधी बघा, तुटतंय कुठे

नेटचे दोन टप्पे असतात. पहिला, बाहेरून तुमच्या राउटरपर्यंत. दुसरा, राउटरपासून तुमच्या खुर्चीपर्यंत. स्पीड टेस्ट दोन्ही टप्पे एकत्र मोजते, त्यामुळे दोष कुठल्या टप्प्यात आहे ते एका जागी केलेल्या टेस्टवरून कळत नाही. त्यासाठी पिंग वापरायचं. पिंग म्हणजे एखाद्या पत्त्यावर छोटा निरोप पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणं.

विंडोज लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत टाइप करा: पिंग १९२.१६८.१.१ -टी. दुसरीत: पिंग ८.८.८.८ -टी. (अक्षरं आणि आकडे अर्थातच इंग्रजीत टाइप करायचे. दुसरा पत्ता बाहेरचा, गूगलच्या सर्व्हरचा. पहिला राउटरचा आहे, तुमचा वेगळा असू शकतो. आयपीकॉन्फिग असं टाइप केलंत की 'डिफॉल्ट गेटवे'समोर दिसेल.) दोन्ही खिडक्या शेजारी-शेजारी ठेवून नेहमीच्या जागी बसून अर्धा तास काम करा.

नेट तुटेल त्या क्षणी फक्त ८.८.८.८ची खिडकी अडखळली आणि राउटरची शांत राहिली, तर दोष बाहेरचा आहे. नेटवाल्यांना फोन करा, आणि हा लेख इथेच सोडलात तरी चालेल. पण दोन्ही खिडक्या एकदम अडखळल्या, तर बाहेरच्या माणसाला बोलावून काही होणार नाही. दोष घरातल्या घरात आहे.

माझ्याकडे राउटरच्या खिडकीत ३, ४, ३, मग एकदम ६८०, १२४०, 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट', पुन्हा ४ असे मिलिसेकंद दिसत होते. राउटर माझ्यापासून पंधरा मीटरवर. तेवढ्या अंतरात निरोप पोचायला सव्वा सेकंद लागतो म्हणजे तो वाटेत पुन्हा पुन्हा पाठवावा लागतोय. हे तीन तक्रारींच्या आधी करून बघितलं असतं तर त्या मुलाच्या तीन खेपा वाचल्या असत्या.

खात्रीसाठी आणखी एक करा. लॅपटॉप उचलून राउटरजवळ न्या आणि लॅन केबलने थेट जोडा. पिंग एक मिलिसेकंद किंवा त्याहून कमी, आणि तसंच स्थिर दिसलं पाहिजे. तसं दिसलं तर राउटर ठणठणीत आहे, दोष मधल्या हवेचा आणि भिंतींचा.

वायफाय: भिंत काय करते

मोबाइलवर दिसणाऱ्या दांड्यांवर विश्वास ठेवू नका. वायफाय अॅनालायझरसारखं एखादं अॅप घ्या. ते सिग्नल डीबीएममध्ये दाखवतं. आकडा उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ५० उत्तम. व्हिडिओ कॉलला उणे ६७पर्यंत चालतं. उणे ७५च्या खाली गेलात की पानं उघडतात, पण कॉल तुटतो. उणे ८०ला जोडलेलं दिसतं, एवढंच.

मी अॅप हातात धरून ओटीवरून माडीपर्यंत चालत गेले आणि प्रत्येक दारात आकडा लिहिला. ओटी उणे ३८. माजघर उणे ५५. जिन्याखाली उणे ६६. माडीची मागची खोली उणे ७९. मधे चिऱ्याच्या दोन भिंती आणि स्लॅब. जांभा सच्छिद्र असतो, पावसाळ्यात पाणी धरतो, आणि ओली भिंत रेडिओ लहरी कोरड्या भिंतीपेक्षा जास्त खाते. जुलैत तोच आकडा उणे ८४ झाला होता. पावसात नेट का खचतं, याचं उत्तर मला त्या आकड्यात मिळालं. मी तोवर खांबावरच्या केबलला दोष देत होते.

वायफायचे दोन पट्टे सगळ्यांना माहीत असतात. २.४ गिगाहर्ट्झ भिंतीतून बऱ्यापैकी जातो, पण मंद असतो आणि त्यात गर्दी होते. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण भिंतीला लवकर हरतो. आमच्यासारख्या वाडीत शेजारच्या घराचा सिग्नल फारसा येत नाही, त्यामुळे गर्दीचा प्रश्न नव्हता. ठाण्या-पुण्याच्या फ्लॅटमध्ये उलट असतं. तिथे २.४मध्ये तीसेक नावं दिसतात, आणि एकमेकांवर न चढणारी चॅनेलं तीनच, १, ६ आणि ११. तिथे ५ गिगाहर्ट्झवर जाणं आणि राउटर हॉलमधून पॅसेजच्या मध्यावर आणणं, एवढ्यानेच पुष्कळांचं काम होतं. ५ गिगाहर्ट्झचं नावच मध्येच मिनिटभर गायब होत असेल तर चॅनेल ३६ ते ४८ किंवा १४९च्या पुढचं ठेवा. मधल्या ५२ ते १४४ चॅनेलांवर राउटरला रडारची चाहूल लागली तर त्याला ते चॅनेल सोडावंच लागतं.

मी पहिला खर्च केला रिपीटरवर, आणि तो वाया गेला. रिपीटर जिन्याच्या वरच्या टोकाला लावला. दांड्या पूर्ण आल्या आणि कॉल तसेच तुटत राहिले. कारण साधं आहे. रिपीटर स्वतः उणे ७४वर ऐकत होता आणि ते अर्धवट ऐकलेलं मला मोठ्याने सांगत होता. शिवाय साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच्यावरच बोलतो, म्हणून वेग निम्म्यावर येतो. रिपीटर लावायचाच असेल तर सिग्नल जिथे अजून चांगला आहे तिथे लावा, उणे ६५च्या अलीकडे. जिथे सिग्नल संपलाय तिथे नको. मेशचं, म्हणजे घरभर ठेवलेल्या डब्यांनी मिळून एकच वायफाय पसरवायच्या सोयीचं, तेच. मेशचे डबे एकमेकांशी हवेतून बोलत असतील तर त्यांच्यामधली भिंत काही नाहीशी होत नाही.

विजेच्या तारेतून नेट: दिराचा अनुभव आणि आमचा

माझा दीर इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो. त्याच्या घरी राउटर खाली आणि मुलांचा टीव्ही वरच्या मजल्यावर. त्याने पॉवरलाइन अॅडॉप्टर लावलेत. दोन ठोकळे असतात. एक राउटरजवळच्या विजेच्या सॉकेटात, त्याला राउटरची लॅन केबल. दुसरा वरच्या खोलीतल्या सॉकेटात, त्यातून लॅन केबल टीव्हीला. नेट घराच्या विजेच्या तारांमधूनच जातं. वीज ५० हर्ट्झची, आणि हे ठोकळे तिच्यावर साधारण २ मेगाहर्ट्झपासून पुढच्या लहरी चढवतात. दोन्ही एकाच तारेत, एकमेकींना न दुखवता. भिंत फोडायला नको, केबल ओढायला नको. "वहिनी, लावलं की चाललं, सहा वर्षं हात लावलेला नाही," असं म्हणून गणपतीला येताना तो एक जोडी घेऊन आला.

आम्ही ओटीवर आणि माडीवर ठोकळे लावले. खोक्यावर ६०० लिहिलेलं. माडीवर आले ११. तेही सकाळी. संध्याकाळी दोन, आणि मग दिवाच विझला.

दीर खट्टू झाला. त्याला वाटलं ठोकळा प्रवासात बिघडला. मग आम्ही दोघं बसलो आणि एकेक करून शोधलं. ते शोधणं मी थोडं विस्ताराने सांगते, कारण पॉवरलाइन कुठे चालेल आणि कुठे नाही, हे खोक्यावर लिहिलेलं नसतं.

आधी दोन्ही ठोकळे एकाच खोलीत, शेजारच्या दोन सॉकेटांत लावले. नेट ९० आलं. म्हणजे ठोकळे चांगले. ९०च का, तर ठोकळ्याचं लॅन पोर्टच १०० मेगाबिटचं. खोक्यावरचा ६०० हा तारेवरचा आदर्श हिशेब आहे, हातात येणारा वेग नव्हे. विकत घेण्याआधी पोर्ट शंभराचं आहे की गिगाबिटचं, हे बघाच.

दुसरं कारण आमच्या वायरमनदादांनी ओटीवर पाऊल टाकताच सांगितलं. "वहिनी, तुमचं कनेक्शन थ्री फेज. माडी दुसऱ्या फेजवर टाकलीय मीच." एक फेज गेला की खाली अंधार आणि माडीवर पंखा चालू, हे आम्ही दर पावसाळ्यात बघतो, पण त्याचा नेटशी संबंध असेल हे डोक्यात आलं नव्हतं. दोन फेजच्या तारा घरात कुठेच एकत्र जोडलेल्या नसतात. पॉवरलाइनचा सिग्नल एका फेजवरून दुसऱ्यावर जातो तो केवळ तारा शेजारून धावतात म्हणून, झिरपून. आम्हाला आलेले ११ हे ते झिरपलेलं पाणी. दिराच्या घराला, तिकडच्या बहुतेक घरांसारखा, एकच फेज. म्हणून त्याचं चालतं.

तिसरं, अर्थिंग. काही नवे ठोकळे फेज-न्यूट्रलच्या जोडीबरोबर अर्थची तारही वापरतात, त्यामुळे वेग वाढतो. तिकडच्या चौकोनी पिनांना इकडे कन्व्हर्टर लावावा लागला आणि आमच्या स्वस्त कन्व्हर्टरमध्ये अर्थचा जोड नव्हताच. माडीवरच्या जुन्या बोर्डालाही अर्थिंग नीट नव्हतं. ते मात्र लगेच करून घेतलं. नेटसाठी नव्हे, जिवासाठी.

चौथं, आवाज. कानाला ऐकू येणारा नव्हे, तारेतला. स्वस्तातले मोबाइल चार्जर, एलईडी बल्बांमधले सर्किट, मिक्सरची मोटर, हे सगळे विजेच्या तारेत खरखर सोडतात. ज्या संध्याकाळी दिवा विझला, त्या संध्याकाळी मखराभोवती एलईडीच्या सात माळा होत्या. त्या लुकलुकवणारा छोटा डबा दिराने उपटला, ठोकळ्याचा विझलेला दिवा पिवळा लागला. परत लावला, पुन्हा विझला. तीन वेळा केलं. सासूबाई शेवटी म्हणाल्या, "अरे, गणपतीपुढचा उजेड घालवू नका." ठोकळेच काढून ठेवले.

याशिवाय दोन गोष्टी, ज्यांच्यापायी पुष्कळ जणांचं पॉवरलाइन बिनसतं. ठोकळा एक्स्टेन्शन बोर्डात किंवा स्पाइक गार्डमध्ये लावायचा नाही. पुष्कळ स्पाइक गार्डांत तारेतल्या उच्च लहरी गाळायची सोय असते, ती तुमचं नेटही गाळते. थेट भिंतीतल्या सॉकेटात लावा. आणि इन्व्हर्टर. आपल्याकडे पंखे-दिवे इन्व्हर्टरच्या वेगळ्या लाइनवर असतात. एक ठोकळा इन्व्हर्टरच्या लाइनवर आणि दुसरा साध्या लाइनवर असेल तर मधे इन्व्हर्टर बसतो, भरवसा नाही. दोन्ही साध्या लाइनवर असतील तर वीज गेली की नेट गेलं, राउटर इन्व्हर्टरवर असला तरी.

मग पॉवरलाइन कुणी घ्यावं? सिंगल फेजचं घर, भाड्याचं म्हणून भिंतीला हात लावता येत नाही, वायरिंग फार जुनं नाही, आणि पलीकडे टीव्ही, प्रिंटर किंवा कॅमेरा आहे, दिवसभराचे कॉल नाहीत. अशा ठिकाणी ते खरंच उपयोगी आहे, आणि परत करायची मुदत असलेल्या दुकानातून घेतलंत तर करून बघायला हरकत नाही. लावल्यावर जोडीचं बटण दाबून नवी किल्ली, म्हणजे दोन ठोकळ्यांमधला गुप्त पासवर्ड, जरूर तयार करा. पुष्कळ ठोकळे एकच ठरलेली किल्ली घेऊन कारखान्यातून बाहेर पडतात, आणि फ्लॅटमध्ये तारेतला सिग्नल शेजाऱ्याच्या मीटरपर्यंत पोचू शकतो. ज्यांच्याकडे एक फेज गेल्यावर अर्धं घर उजेडात राहतं, त्यांनी मात्र आधी वायरमनला विचारावं की दोन्ही खोल्या एकाच फेजवर आहेत का. तो नाही म्हणाला तर पैसे घालू नका.

केबल, आणि केबल चुकते कुठे

मी दीड वर्ष टाळत होते ते म्हणजे केबल. भिंत फोडावी लागेल, घर विद्रूप होईल, अशी भीती. प्रत्यक्षात एक दिवस लागला. ओटीवरून केबल माळ्यावर चढवली, माळ्यातून मागे नेली आणि जिन्याच्या कोपऱ्यातून पट्टीपाइपमधून माडीवर काढली. भिंतीला दोनच भोकं, दोन्ही माळ्यावर, कुणाला न दिसणारी. एकूण २६ मीटर. फ्लॅटमध्ये बहुधा टीव्हीच्या आणि जुन्या फोनच्या तारेसाठी वेगळा पाइप भिंतीत आधीच असतो. त्यात स्प्रिंग घालून जुन्या तारेच्या जागी लॅन केबल ओढता येते. विजेच्या तारांच्या पाइपात मात्र ती घालायची नाही. एखाद्या विजेच्या तारेचं आवरण सोललं तर २३० व्होल्ट थेट तुमच्या लॅपटॉपच्या पोर्टात येतील. विजेची तार ओलांडावी लागली तर काटकोनात ओलांडा.

केबल कॅट ६ घेतली. कॅट ५ईसुद्धा एका गिगाबिटला १०० मीटरपर्यंत पुरते, घरात तिने काही अडत नाही. महत्त्वाचं आहे ते तांबं. बाजारात सीसीए नावाची केबल स्वस्तात मिळते. आत अॅल्युमिनियम आणि वर तांब्याचा मुलामा. दुकानात एक तार ब्लेडने खरवडून बघा. आत पांढरं दिसलं तर ठेवून द्या. ती वाकवली की मोडते, विजेच्या प्रवाहाला जास्त विरोध करते, आणि तिच्यातून पुढच्या उपकरणाला वीज द्यायची असेल तर तापते.

आणि आता ती गोष्ट, जिने मला केबल टाकल्यानंतरही दोन आठवडे रडवलं. केबल टाकणाऱ्या मुलाने दोन्ही टोकांना क्लिपा मारल्या, टेस्टर लावला, एक ते आठ दिवे ओळीने लागले. सगळं हिरवं. तरी लॅपटॉप कधी एक गिगाबिट दाखवायचा, कधी १००वर उतरायचा, आणि मोठी फाइल चढवताना अडकायचा. मी क्लिप उजेडाकडे धरली आणि रंग वाचले. नारिंगीची जोडी, हिरव्याची जोडी, निळ्याची जोडी, तपकिरीची जोडी, ओळीने. दोन्ही टोकांना सारखंच, म्हणून टेस्टरला काही चूक दिसत नव्हती.

पण केबलमध्ये तारा पिळाच्या जोडीने असतात, आणि त्या पिळामुळेच बाहेरची खरखर आत शिरत नाही. क्लिपमधली १ आणि २ ही एक जोडी, ३ आणि ६ ही दुसरी, ४ आणि ५ तिसरी, ७ आणि ८ चौथी. ओळीने रंग लावले की ३वर हिरव्याची तार येते आणि ६वर निळ्याची. सिग्नल दोन वेगवेगळ्या पिळांत फाटतो. वीज पोचते, दिवे लागतात, पण पिळाचं संरक्षण गेलेलं असतं. बरोबर क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरवी जोडी निळ्या जोडीच्या दोन्ही बाजूंना फाकलेली. हेच खूण म्हणून लक्षात ठेवा. तुमच्याकडे केबल असूनही त्रास असेल तर सगळ्यात आधी हे वाचून बघा. दोन नव्या क्लिपा आणि दहा मिनिटं, माझा त्रास तिथे संपला.

गिगाबिटची केबल कायमच १००वर अडकली असेल तर बहुधा आठांपैकी एक तार तुटलेली किंवा क्लिपमध्ये न टेकलेली असते. गिगाबिटला आठही तारा लागतात. शंभराला चारच पुरतात, म्हणून नेट चालतं आणि दोष लपून राहतो.

माडीवर केबलच्या टोकाला जुना राउटर लावला, तोच, जो आम्ही पूर्वी स्वतः घेतलेला होता. त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ केला, डीएचसीपी, म्हणजे घरातल्या उपकरणांना पत्ते वाटायची सोय, बंद केलं आणि केबल त्याच्या लॅन पोर्टात घातली, बाहेरच्या नेटसाठी असलेल्या वॅनच्या पोर्टात नाही. डीएचसीपी चालू राहिलं तर घरात पत्ते वाटणारे दोघे होतात आणि कुणाला नेट मिळतं, कुणाला नाही, असा वेगळाच खेळ सुरू होतो. नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे एकच, चॅनेल वेगळं: खाली १, वर ११. फोन तरीही कधी कधी खालच्या राउटरला चिकटून राहतो. खालच्याची पॉवर एक पायरी कमी केल्यावर ते थांबलं. माझा लॅपटॉप मात्र मी त्या राउटरलाही हवेतून जोडत नाही, केबलनेच जोडते. जागेवरून न हलणाऱ्या प्रत्येक वस्तूला केबल द्या. टीव्हीला द्या, टेबलावरच्या कॉम्प्युटरला द्या. तेवढी हवा फोनांसाठी मोकळी होते. गणपतीत घरात बावीस फोन असतात, तेव्हा हे फार जाणवतं.

वळीव

कोकणात, आणि देशावरही, केबल टाकणाऱ्याने हे लक्षात ठेवायलाच हवं. खळ्यापलीकडे आमची एक खोली आहे, आंब्याच्या दिवसांत तिथे पेट्या भरतात. उत्साहात मी तिथेही लॅन केबल नेली, उघड्यावरून, चाळीस मीटर. मे महिन्यातल्या पहिल्या वळवात वीज कुठेतरी माळावर पडली, घरावर नाही, आणि तरीही दोन्ही टोकांची पोर्टं गेली. लांब तांब्याची तार उघड्यावर असली की जवळ पडलेल्या विजेनेही तिच्यात दाब तयार होतो. तो पोर्टातूनच बाहेर पडतो.

दोन इमारतींच्या मधे तांबं नकोच. तिथे फायबर टाका. एका धाग्याची ड्रॉप केबल आणि दोन मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबरचा सिग्नल लॅन केबलला जोडणारे डबे, लागतात. कन्व्हर्टर ए आणि बी असे जोडीने मिळतात. एक ए आणि एक बीच घ्यायचा, दोन ए एकमेकांशी बोलत नाहीत. ड्रॉप केबलमध्ये आधारासाठी पोलादी तार असेल तर ती टोकाला कापून दूर ठेवा, किंवा बिनधातूची केबल मागा. आणि पाइपात घाला, कारण उंदीर तांबं-फायबर असा भेद करत नाहीत. घरातल्या घरातली केबलही आभाळ भरून आलं की, गडगडाट सुरू व्हायच्या आधीच, दोन्ही टोकांनी काढून ठेवते, राउटरच्या अॅडॉप्टरसकट. फायबरमधून वीज येत नाही, पण अॅडॉप्टरमधून येते.

वीज गेल्यावर माडीवरचा राउटर बंद पडायचा, तेही सोडवलं. तो इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतला. ज्यांना तशी लाइन वर नसेल त्यांच्यासाठी पीओई आहे. खालून लॅन केबलमधूनच वीज वर जाते आणि वर सॉकेटच लागत नाही. त्यासाठी वरचं उपकरण पीओईचं हवं, आणि केबल शुद्ध तांब्याची.

आता माडीवरून राउटरला पिंग एकच मिलिसेकंद येतं, पावसातही. घरात कुठली केबल कुठून गेली आहे, कुठली खोली कुठल्या फेजवर आहे, दुसऱ्या राउटरचा पत्ता काय आणि क्लिपेतल्या रंगांचा क्रम, हे सगळं एका कागदावर काढून मी मेन बोर्डाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलं आहे. वायरमनदादांनी परवा तो वाचला, खिशातून पेन्सिल काढली आणि पडवीच्या दिव्यापुढे मी लिहिलेला फेज खोडून बरोबर केला.